शिरूरच्या रॉडवरचे ठिपके

नाईकसाहेबांनी रॉड टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डोळे मिटा आणि नख फिरवा."

मी डोळे मिटले. गुळगुळीत पोलादावरून नख सरकत गेलं आणि मध्येच अडलं. पुन्हा सरकलं, पुन्हा अडलं.

"किती वेळा?"

"सात-आठ."

"एका वितीत सात-आठ. रॉड साडेतीन फुटांचा. बोटीवर बसवून दोन महिनेसुद्धा झालेले नाहीत. तेल गळतंय, सुकाणू सैल पडतंय. परवा खाडीच्या तोंडाशी एक बोट वळेचना. तांडेल शहाणा म्हणून नांगर टाकला त्यानं. नाहीतर खडकावर गेली असती. सात माणसं होती तिच्यावर."

मी डोळे उघडले. रॉडवर काळपट ठिपके होते, टाचणीच्या टोकाएवढे. मागे आमचे मालक अण्णा उभे होते.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. शिरूरमध्ये नगर रस्त्याला आमचा कारखाना होता. चाळीसेक माणसं. साखर कारखान्यांसाठी आम्ही हायड्रॉलिक जॅक आणि सिलिंडर बनवायचो. मी तिथे इन्स्पेक्शनला होतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. दौंडच्या शाळेतून स्कॉलरशिपवर पुण्याला इंजिनिअरिंग केलं. नोकरीसाठी गेलो तेव्हा अण्णांनी माझं आडनाव विचारलं नाही, मार्कलिस्ट मागितली. हे मी आजही विसरलेलो नाही. कामगार मला 'विंजनेर' म्हणायचे. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचा अंदाज कधी आला नाही.

हायड्रॉलिक सिलिंडर म्हणजे डॉक्टरांची इंजेक्शनची पिचकारी, फक्त उलटी चालणारी. पिचकारीत आपण दांडा दाबतो आणि औषध बाहेर येतं. इथे नळीत दाबाखाली तेल सोडतात आणि दांडा बाहेर येतो. त्या दांड्याला रॉड म्हणतात. बोटीवर हा रॉड सुकाणू ढकलतो. नळीच्या तोंडाशी रबराची रिंग असते, तिला सील म्हणतात. रॉड आतबाहेर करताना ही रिंग त्याला पुसत राहते, तेल आत ठेवते आणि समुद्राचं पाणी बाहेर. म्हणून रॉड काचेसारखा गुळगुळीत लागतो आणि त्यावर क्रोमचा थर चढवतात. एक ठिपका जरी उठला तरी तो कानशीसारखा रबर कापत जातो. मग तेल बाहेर, खारं पाणी आत.

कोकणातल्या एका बंदरावर मासेमारीच्या बोटी बांधणारं यार्ड होतं. नाईकसाहेब तिथले मुख्य. आम्ही रॉड आणि नळ्या पाठवायच्या, सील घालून ते बोटीवर बसवायचे. आधी दोन रॉड नमुन्याला पाठवले होते. ते वर्षभर खाऱ्या पाण्यात चालले आणि तरी आरशासारखे राहिले. त्यावरच मोठी ऑर्डर मिळाली होती. आणि आता त्या ऑर्डरची पहिली लॉट अशी परत आली होती.

"नमुन्याचे रॉड अजून चालतात?" मी विचारलं.

"उत्तम चालतात. म्हणून तर म्हणतो, नमुन्याला क्रोम जाड लावलंत आणि ऑर्डरला पातळ."

नाईकसाहेब गेल्यावर मी क्रोमचा थर मोजला. पुरेसा होता. पुन्हा मोजला. तरीही पुरेसाच होता.

रविवारी पुण्याला जाऊन कॉलेजच्या लायब्ररीत बसलो. क्रोम दिसतं एकसंध, पण त्यात केसाहून बारीक चिरा असतात. समुद्राचं मीठ त्या चिरांतून खालच्या पोलादापर्यंत पोचतं. खाली गंज धरतो आणि वरचं क्रोम फुगून उडतं. उपाय असा, की आधी निकेलचा थर द्यायचा आणि मग क्रोम चढवायचं. मी आनंदानं परत आलो. अण्णांनी निकेलची टाकी बसवली.

प्लेटिंगच्या, म्हणजे विजेच्या प्रवाहानं धातूचा थर चढवायच्या टाक्या सोपानमामांकडे होत्या. पन्नाशीचा माणूस, सही करता न येणारा. पण टाकीवर हात धरून पाणी किती तापलंय ते सांगायचा आणि थर्मामीटर त्याला दुजोरा द्यायचा. निकेलचं काम त्यांनी चार दिवसांत हातात बसवलं.

"साहेब, ह्यो रॉड आता समुद्रात न्हाई, ॲसिडात बुडवा," ते म्हणाले.

दुसरी लॉट गेली. तीही बोटींवर चढल्यावर दीड महिन्यात परत आली. ठिपके पहिल्यापेक्षा जास्त.

उपाय केला आणि दुखणं वाढलं, असं माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी स्वतः चाचणी लावली. रॉडचे तुकडे टांगले, वर मिठाच्या पाण्याचा डबा आणि त्यातून कापसाची वात, थेंब थेंब पाणी पडेल अशी. तीन आठवडे झाले तरी तुकडे कोरे करकरीत. कामगारांना करमणूक झाली.

"विंजनेरसाहेब, वाण्याच्या मिठात दम न्हाई."

"त्याला समुद्राची हवा पायजे. दोन महिनं सुट्टी घ्या आन् तुकडं घिऊन जावा तिकडं!"

मी नाईकसाहेबांकडून समुद्राच्या पाण्याचा कॅन मागवला. खरं समुद्राचं पाणी शिरूरमध्ये थेंब थेंब टपकू लागलं. आणखी तीन आठवडे. तुकड्यांवर एक ठिपका नाही.

आता मला काहीच कळेना. रॉड तोच, थर तोच, पाणी तेच. तिकडे रॉड सडतो, इकडे चमकतो. जेवताना माझी नजर स्टीलच्या ताटाकडे जायची. परत आलेला रॉड मी भिंगाखाली धरून बसायचो. एकेका ठिपक्याचं चित्र वहीत काढायचो. वही भरली. समजलं काहीच नाही.

अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पुस्तकात चूक नाही?"

"नाही."

"पाण्यात नाही?"

"नाही."

"मापात?"

"नाही."

"मग राहिलं कोण?"

मी विचार केला, आणि मला एक फरक सापडला. चाचणीचे तुकडे दिवसा माझ्यासमोर प्लेट झाले होते. ऑर्डरचे रॉड दुसऱ्या पाळीत व्हायचे. तेव्हा टाकीवर सोपानमामा एकटे असायचे. ते करंट मध्येच वाढवून काम लवकर उरकत असतील, तर क्रोम जाडीला बरोबर भरेल पण चिरा जास्त पडतील. तर्क पुस्तकात बसत होता. मी तो अण्णांना सांगितला. रिजेक्शन रजिस्टरमध्ये दोन्ही लॉटींपुढे 'प्लेटिंग दोष' असं लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सोपानमामांना टाकीवरून काढून माल भरायच्या कामाला लावलं. अण्णांनी पुण्याहून एक प्लेटर आणला. तिसरी लॉट त्यानं माझ्या डोळ्यांसमोर करायची. ही चांगली निघाली तर सोपानमामांचा हिशोब करायचा. वाईट निघाली तर ऑर्डर गेली आणि प्लेटिंग खातंच बंद. दोन्हीकडून सोपानमामांच्या नशिबी घरी बसणंच होतं. हे मला कळत होतं. पण दोष त्यांचा आहे असं मी मानून चाललो होतो.

एकदा सोपानमामा गेटपाशी थांबले. "साहेब, मी करंट वाढवला, ह्ये तुमी बघितलं?"

"नाही मामा. पण दुसरं कारण दिसत नाही."

"दिसत न्हाई म्हंजी न्हाई, आसं आसतं व्हय?" एवढं बोलून ते टेम्पोकडे गेले.

तिसरी लॉट चार खोक्यांत भरली. शिरूरला रेल्वे नाही. माल न्हावऱ्यावरून टेम्पोनं दौंडला जायचा, तिथून वॅगननं मुंबईला आणि पुढे यार्डात. सोपानमामांनी खोकी टेम्पोत चढवली. स्वतः न केलेले रॉड त्यांनी इतके जपून ठेवले की ड्रायव्हर वैतागला. पावसाळ्याचे दिवस होते.

पाच-सहा आठवड्यांनी दौंडच्या माल धक्क्यावरून पोस्टकार्ड आलं. तिथले गुड्स क्लार्क डिसूझा यांचं. चारपैकी एका खोक्याची फळी मोडली होती, म्हणून ते वॅगनमध्ये चढलंच नव्हतं. ते दौंडलाच पडून होतं, येऊन ठाकठीक करा आणि पुन्हा बुक करा.

मी एस.टी.नं दौंडला गेलो. डिसूझा गोरेपान, जाड भिंगाच्या चष्म्याचे, पिढ्यान् पिढ्या रेल्वेतले. "ते बघा तुमचा समुद्री माल," त्यांनी पेन्सिलनं शेडच्या कोपऱ्याकडे दाखवलं. "इकडे दौंडमधेच बंदर झालाय त्याचा. आणि प्लीज, ती बकरी हाकला. रोज येते साली."

खोक्याच्या मोडक्या फळीतून पोत्याचा कोपरा बाहेर आला होता. एक बकरी तो कोपरा चाटत होती. खात नव्हती. मन लावून चाटत होती.

मी तिला हाकललं. ती चार पावलं गेली आणि परत आली.

शेजारी एक म्हातारा हमाल बिडी ओढत बसला होता. "ऱ्हाऊ द्या हो," तो म्हणाला. "खताच्या पोत्याची चटक आसती त्यास्नी. पोटॅश म्हंजी मीठच की. आमच्या गोठ्यात पोतं टाकलं तर गाय रातभर चाटती."

मी बकरीला हाकलायचं सोडलं.

ही पोती माझ्या घरची होती.

नमुन्याचे ते दोन रॉड आम्ही तेलकट कागद आणि लाकडाचा भुसा घालून पाठवले होते. प्रवासात भुसा खाली बसला, रॉड एकमेकांवर आपटले आणि टोकाला पोचे आले. तेव्हा मोठ्या ऑर्डरसाठी मी सुचवलं, की प्रत्येक रॉड पोत्यात घट्ट गुंडाळू. माझे वडील, आबा, पाटसजवळ एका बागायतदाराच्या उसाच्या मळ्यावर कामाला होते. तिथे खताच्या रिकाम्या पोत्यांचा ढीग पडलेला असायचा. आबांनी मालकाला विचारून घेतलं, चांगली चांगली पोती निवडली, झटकली, चार दिवस उन्हात घातली आणि स्वतः एस.टी.च्या टपावर टाकून शिरूरला आणून दिली. पोराचा माल समुद्रावर जाणार आणि आपल्या पोत्यातून जाणार, हे ते मळ्यात सगळ्यांना सांगत होते. अण्णांनी मला शाबासकी दिली होती. नोकरीतली माझी पहिली सूचना, जी कुणी मान्य केली.

मी पोत्याचा कोपरा हातात घेतला. ओलसर, चिकट लागला. जिभेला लावला. कडवट, खारट.

"साहेब, च्या पाजू का?" हमाल म्हणाला. "उपाशी दिसताय."

डिसूझांकडून पहार घेतली आणि खोकं उघडलं. पोतं सोडलं, रॉड फडक्यानं पुसला. ठिपके होतेच. दौंडपुढे न गेलेल्या रॉडवर, पुण्याच्या प्लेटरनं माझ्यासमोर केलेल्या क्रोमवर. मी रॉड शेडच्या दारात उजेडात नेला आणि हात लांब करून धरला. ठिपके ओळींत होते. आडव्या ओळी, उभ्या ओळी. पोत्याची वीण जशीच्या तशी उमटली होती. इतके दिवस मी एकेक ठिपका भिंगातून पाहिला होता. रॉड लांबून पाहिलाच नव्हता.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. माझ्या चाचणीत थेंब पडायचा आणि वाहून जायचा. पोतं मात्र दमट हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मीठ सहा-सहा आठवडे रॉडला दाबून धरतं. त्यापुढे निकेलचंही चालत नाही. दुसऱ्या लॉटीवर ठिपके जास्त होते, कारण ती वाटेत मुंबईच्या दमट हवेत जास्त दिवस रखडली होती. यार्डात पोतं सोडून रॉड रॉकेलनं पुसायचे आणि लगेच बसवायचे. तेव्हा ठिपका एवढा बारीक असायचा की पोत्याचा धागा चिकटलाय असं वाटावं. समुद्रात गेला की तो तोंड उघडायचा.

परतीच्या एस.टी.त मला खिडकीशी जागा मिळाली. मनात एक विचार आला, तो लपवत नाही. गुपचूप पॅकिंग बदललं तर? पुढची लॉट चांगली जाईल. श्रेय पुण्याच्या प्लेटरला मिळेल, ऑर्डर टिकेल, माझी नोकरी टिकेल. आबांच्या पोत्यांचं नाव निघणार नाही. फक्त सोपानमामा घरी बसतील. न्हावरं येईपर्यंत मी हाच विचार करत होतो. त्यानंतर काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. गेटपाशी त्यांनी विचारलेला प्रश्न सारखा ऐकू येत होता, एवढं खरं.

कारखान्यात शिरलो तो थेट केबिनमध्ये. रॉड आणि पोतं अण्णांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं.

अण्णांनी पोतं उलटंसुलटं केलं. "पोती कुणाची?"

"माझ्या घरची."

"आणायला परवानगी कुणी दिली?"

"तुम्ही."

"हं." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे सोपानचं क्रोम?"

"चांगलं होतं."

"दोन्ही लॉटींचं?"

"दोन्ही."

"मग माझ्यासमोर काय उभा आहेस? आधी यार्डाला तार कर, तीन खोकी उघडू नका म्हणावं. एकही रॉड बोटीवर गेला तर तुझ्यामाझ्या मानेवर आहे. आणि मग जा सोपानकडे."

तार केली. मग अंगणात गेलो. सोपानमामा टेम्पोत जॅक चढवत होते. मी सांगायला लागलो. ते जॅक खाली न ठेवताच ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी तो टेम्पोत ठेवला आणि हात पुसले.

"मामा, माझं चुकलं."

"मला सांगून काय उपेग?" ते म्हणाले. "वहीत काय लिवलंय?"

"प्लेटिंग दोष."

"मला वाचता येत न्हाई. पर कारखान्यातल्या समद्यास्नी येतं. पोरं मला वाचून दाखवत्यात, हासून हासून. ती वही आना."

मी रजिस्टर आणलं. तोवर जेवणाची सुट्टी झाली होती आणि माणसं जमली होती. मी दोन्ही ठिकाणी 'प्लेटिंग दोष' खोडलं. वर लिहिलं, 'पॅकिंग दोष. प्लेटिंग योग्य.' सही केली.

"मोठ्यानं वाचा," सोपानमामा म्हणाले.

मी वाचलं.

"कुनाचा दोष त्ये न्हाई लिवलं."

मी माझं नाव लिहिलं. तेही मोठ्यानं वाचलं. कुणी हसलं नाही. सोपानमामा मान हलवून म्हणाले, "आता ऱ्हाऊ द्या. कागदावर एवढं बास." आणि प्लेटिंग खात्याकडे चालू लागले. पुण्याच्या प्लेटरला त्यांनी पहिलं वाक्य टाकलं ते असं, "पावनं, टाकी गार पडलीया तुमची."

त्या महिन्यात घरी गेलो तेव्हा आबांना सांगितलं.

"मी तर चांगली झटकली व्हती," ते म्हणाले.

"चांगलीच झटकली होती, आबा. ते झटकून जात नाही. तागात मुरलेलं असतं."

"धुवाया पायजे व्हती का?"

"मला माहीत असायला पाहिजे होतं. मी शिकलोय."

"मग आता शिकलास," आबा म्हणाले, आणि भाकरी खायला उठले.

यार्डातल्या तीन खोक्यांत ठिपके निघाले. सगळे रॉड परत आणले, क्रोम उतरवलं आणि सोपानमामांनी पुन्हा चढवलं. या वेळी रॉडला गरम मेणाचा हात दिला, वर तेलकट कागद, आणि आपटू नयेत म्हणून खोक्यात लाकडाच्या खाचा केल्या. नाईकसाहेबांनी ऑर्डर तोडली नाही. पण पुढची तीन वर्षं ते प्रत्येक पत्राच्या शेवटी 'पोती नकोत' असं लाल शाईनं लिहायचे.

मेणातून गेलेल्या रॉडवरही दोन-अडीच वर्षांनी ठिपके आलेच. ते खरे समुद्राचे होते. ओळींत नव्हते, वाटेल तसे विखुरलेले होते. त्यावर पुढे बरंच काम केलं. बोट किनाऱ्याला असताना रॉड पूर्ण आत घेऊन तेलात ठेवायचा, फिरून आल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचा, अशा साध्या गोष्टी तांडेलांकडून करून घेतल्या. रॉड जास्त टिकू लागले. अमर झाले नाहीत.

निवृत्त होईपर्यंत मी पॅकिंगचं सामानसुद्धा इन्स्पेक्शनला लावत असे. कागद, भुसा, सुतळी, सगळं. नवीन मुलं हसायची. मी हसू द्यायचो. समुद्र रॉड खाणारच, ते त्याचं काम आहे. आपण फक्त एवढं पाहायचं, की त्याच्यासाठी घरून डबा जाता कामा नये.